गट नंबर कळतो, मग हा पत्ता का नको?

‘नेट नाही, उद्या या.’ शेतकरी बंधूंनो, हे वाक्य तुम्ही ऐकले नसेल तर भाग्यवान आहात! गारगोटीच्या आसपासच्या एका कचेरीत पीकविम्याच्या अर्जासाठी आलेला एक शेतकरी तीन वेळा हात हलवत परत गेला. तीन दिवसांचा रोजगार बुडाला, वर एस.टी.चे भाडे. सगळे कंपनीला शिव्या देत होते. नेट मात्र चालू होते. आतल्या प्रिंटरला आणि नव्या संगणकाला एकच पत्ता लागला होता, एवढेच.

संगणकाला कसला आलाय पत्ता, असे विचाराल. गारगोटीचा पिन कोड ४१६२०९. त्यातले ४१६ म्हणजे आपला पट्टा, पुढचे तीन आकडे टपाल कचेरीचे. संगणकाच्या जाळ्यातला आयपी पत्ता असाच: १९२.१६८.१.५ असे चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. लहान कचेरीत बहुधा पहिले तीन आकडे म्हणजे वाडी, शेवटचा म्हणजे घर. वाडीची हद्द कुठवर, ते ‘सबनेट मास्क’ सांगतो. वेशीचे दार म्हणजे राउटर, आणि घरांना नंबर वाटणाराही सहसा तोच.

मला स्वतःला हे उमगले ते गट नंबरावरून. गट नंबर १२ गावोगाव असतो. गावाचे नाव सांगितल्याशिवाय उतारा निघत नाही. तसेच १९२.१६८.१.५ हा पत्ता हजारो कचेऱ्यांत सापडेल. बाहेर जाताना राउटर स्वतःचा एकच पत्ता पुढे करतो. पत्ते पुरवून वापरायची ही युक्ती आहे. कारण या पद्धतीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते होतात, आणि जगाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. नवी, लांब पत्त्यांची पद्धत आली आहे, पण जुनी काही सुटलेली नाही.

त्या कचेरीत कुणीतरी प्रिंटरला हाताने ५ नंबर देऊन ठेवला होता. प्रिंटर बंद असताना राउटरने तोच नंबर नव्या संगणकाला दिला. प्रिंटर चालू केला की संगणक अडायचा. नंबर बदलायला पाच मिनिटे लागली. कळायला आठवडा गेला.

आपल्याच जिल्ह्यात वारणानगरला १९९८ मध्ये सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. आज सातबारा, विमा, अनुदान सगळेच मशीनवर. पण केंद्र चालवणाऱ्या पोरांना पत्त्याचे चार धडे कुणी द्यायचे? हे इंजिनिअरचे काम, असे काही साहेब म्हणतात. मला पटत नाही. मोटार बंद पडली तर फ्यूज आपणच बघतो की! संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही. आधी आपली वायर आणि राउटर बघावा, कंपनीला फोन नंतर. एवढे शिकवायला दोन दिवस पुरेत, आणि वाटलेले नंबर भिंतीवर लिहायला एक कागद.

त्या शेतकऱ्याचा अर्ज चौथ्या फेरीला भरला गेला. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.