अनोळखी किल्लीची साक्ष : जुन्या मोटारीचा सुटा भाग हेही इतिहासाचे साधन

१/
इतिहासाचे साधन म्हटले की कागदपत्रे, नाणी, ताम्रपट, शिलालेख डोळ्यांपुढे येतात. गेल्या शतकातील यंत्रांकडे मात्र आपण त्या नजरेने पाहत नाही. जुनी मोटार पुन्हा उभी करताना खोक्याच्या तळाशी सापडणारा अनोळखी लोखंडी तुकडा भंगार नसून पुरावा असतो, असे माझे मत आहे. ते एका गाडीच्या आधारे मांडतो.

२/
गाडी आहे जग्वार ई-टाइप. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात बनलेली ही स्पोर्ट्स कार १५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हात जगासमोर आली. तिला आकार देणारा माल्कम सेयर विमानांच्या उद्योगातून मोटारींकडे वळलेला होता. १९७४ पर्यंत अशा ७० हजारांहून अधिक गाड्या बनल्या. वरवर पाहता सगळ्या सारख्याच. अभ्यासकाची खरी कसोटी तिथेच लागते.

३/
समजा, अशी एक गाडी पूर्ण सुटी केली आहे. प्रत्येक भागाची जागा ठरली, पण एक वस्तू उरली : ‘टी’ अक्षराच्या आकाराची, दाते नसलेली एक किल्ली. दरवाजाला ती लागत नाही, डिकीला लागत नाही, इंजिन सुरू करण्याशी तर तिचा संबंधच नाही. बहुतेक गॅरेजांत अशी वस्तू ‘दुसऱ्या कशाची तरी असेल’ म्हणून भंगारात जाते.

४/
ती किल्ली बॉनेटची असते. ई-टाइपचा पुढचा सगळा भाग एकसंध उचलला जातो. सुरुवातीच्या सुमारे ५०० गाड्यांत त्याची कुलपे दोन्ही अंगांना बाहेरच्या बाजूने होती आणि ती उघडण्यासाठी ही स्वतंत्र किल्ली दिली जाई. १९६१ सालीच ही पद्धत बदलली आणि बॉनेट गाडीच्या आतील खटक्यांनी उघडू लागले. किल्लीचे काम संपले आणि तिची ओळखही पुसली गेली.

५/
मग किल्ली सापडली म्हणजे गाडी पहिल्या पाचशेंतली ठरली का? मुळीच नाही. कागद अस्सल असला तरी तो याच दप्तरातला आहे का, हा प्रश्न उरतोच. किल्ली खिशातून कुठेही जाऊ शकते, आणि तशी नवी घडवूनही मिळते. ती फक्त एक साक्षीदार आहे. साक्ष नोंदवावी, पण एकट्या साक्षीवर निकाल देऊ नये.

६/
दुसरे साक्षीदार गाडीच्या अंगातच असतात. बॉनेटवर उष्ण हवा बाहेर जाण्यासाठी तिरप्या खाचा आहेत. सुरुवातीच्या बॉनेटांत त्यांची पट्टी वेगळी बनवून वेल्डिंगने बसवलेली असे. पुढे त्या मूळ पत्र्यातच ठोकल्या जाऊ लागल्या. १९६२ च्या प्रारंभापर्यंत गाडीचा तळ सपाट होता. नंतर पाय ठेवण्यासाठी तो खोलगट करण्यात आला. रंगाखालचा सांधा बोटाला कळतो. किल्ली, खाचा आणि तळ एकच काळ सांगत असतील, तर दाव्याला वजन येते.

७/
तिसरा साक्षीदार आकडा. चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांना आपापले क्रमांक असत आणि कारखान्याच्या नोंदवहीत ते उतरवले जात. उजव्या स्टीअरिंगच्या खुल्या गाड्यांची मालिका ८५०००१ पासून, तर डाव्या स्टीअरिंगच्या खुल्या गाड्यांची ८७५००१ पासून सुरू होते. लुकास कंपनीच्या अनेक विद्युत भागांवर तर महिना आणि वर्षच ठोकलेले असते. भागाची तारीख गाडीच्या जन्माआधी थोडीशी असेल तर संगती लागते. नंतरची असेल तर तो भाग मागाहून आलेला.

८/
काही भाग तंत्राचा प्रवास सांगतात. सुरुवातीच्या ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये ब्रेकला जोर देणारे यंत्र पेटीच्या भात्यासारखे घड्याघड्यांचे दिसते. त्याचा आराखडा मूळचा अमेरिकेतील केल्सी-हेज कंपनीचा. १९६४ मध्ये ४.२ लिटरचे इंजिन आले तेव्हा ही रचना मागे पडली. इंग्रजी गाडीच्या अंगात अमेरिकी कल्पना कशी नांदत होती, हे तो भाता हाती आल्यावर प्रत्यक्ष दिसते.

९/
यावर एक आक्षेप रास्त आहे : गाडी रस्त्यावर चालायची आहे, साठ वर्षांच्या ब्रेकवर जीव का टांगावा? टांगू नयेच. नवा सुरक्षित भाग जरूर बसवावा. माझा विरोध बदलाला नाही, मागमूस न ठेवता केलेल्या बदलाला आहे. काढलेला भाग चिठ्ठी बांधून जपला, तर पुढच्या पिढीला मूळ स्थिती कळते. फेकला, तर आपण तिच्यासाठी दप्तर जाळलेले असते.

१०/
मोठी हानी चकचकीतपणाच्या हौसेने होते. वाळूच्या फवाऱ्याने पत्रा घासला की रंगाचे थर जातात, आणि निरुपयोगी दिसणारे भोक बुजवले की तिथे कधीकाळी काय होते हे कायमचे हरवते. त्यात पैशाचा मोह मिसळला, तर बाहेरची कुलपे बसवून उत्तरकालीन गाडी ‘पहिल्या पाचशेंतली’ करता येते. खोट्या सनदा याहून वेगळ्या कशा बनत होत्या?

११/
हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. १९२९ आणि १९३० या लागोपाठ दोन वर्षी ल मांची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ बेंटली एक कोटी पौंडांना विकण्याचा व्यवहार ठरला. मग खरेदीदाराने विचारले, हिच्यात १९२९ चे उरले आहे तरी काय? मूळचे फारच थोडे भाग शिल्लक होते. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडी अस्सलच ठरवली. कारण बदल होत गेले तरी तिचा इतिहास अखंड होता.

१२/
मला हा निकाल पटतो, पण त्यातून येणारी जबाबदारी त्याहून मोलाची वाटते. अस्सलपणा अखंड इतिहासात असेल, तर तो इतिहास दाखवता आला पाहिजे. कोणता भाग केव्हा आणि का बदलला, याची नोंद नसेल तर अखंडता ही नुसती ऐकीव कथा उरते. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक तुम्हाला सांगायला नकोच.

१३/
म्हणून, जुन्या यंत्रापाशी उभे राहाल तेव्हा काही भाग काढण्याआधी छायाचित्र घ्या. घासण्याआधी त्यावरचे आकडे, ठसे, कंपनीची खूण टिपून ठेवा. कारखान्याच्या सुट्या भागांच्या यादीत तो कोणत्या चॅसी क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत दिला आहे ते शोधा. गाडीच्या अंगावरील खुणांशी ताडा. एवढे करूनही ओळख पटली नाही, तर चिठ्ठीवर ‘अनोळखी’ असे प्रामाणिकपणे लिहा.

१४/
तशी चिठ्ठी लावलेला भाग खोक्यात वर्षानुवर्षे पडून राहिला तरी बिघडत नाही. त्याची ओळख पटवणारा माणूस कदाचित अजून शाळेत असेल. त्याच्या हाती ती वस्तू पोहोचली पाहिजे, एवढी काळजी आपण घ्यायची.