चिमणी राहिली, जमीन गेली!

वऱ्हाडातला कापूस मुंबईला पोचावा म्हणून जलंब-खामगाव रेल्वे फाटा १८७० सालीच टाकला गेला. त्यामुळे लोअर परळ आम्हा खामगावकरांना तसं परकं नाही. आता तिथे आपण सगळे वीकेंडला कॉफी प्यायला जातो. फिनिक्स मिलची जुनी चिमणी मॉलमध्ये अजून उभी आहे. ती बघून कोणी म्हणालं, "बघ, कसा इतिहास जपलाय!" की माझं डोकंच फिरतं.

अहो, चिमणी जपणं स्वस्त असतं! १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना द्यायची होती. २००१ मध्ये सरकारने नियम बदलला: वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेची. आता गिरणीत रिकामी जागा असणार तरी किती? २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा बदल कायम ठेवला.

१९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. घरासाठी त्यांच्या वाट्याला आली लॉटरी.

कॉफी प्या की खुशाल, मीही पितो. फक्त त्या चिमणीला इतिहास जपणं म्हणू नका. कामगारांचा हिस्सा दिला असता, तर तो इतिहास जपणं झालं असतं.