समुद्रातलं गवत आणि बारा दिवस

परवा चायना ग्रास भिजत घातलं होतं. आमच्याकडे जिलेटिन चालत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दुधाचं काही थंड करायचं म्हटलं की आईच्या काळापासून तेच. भाचीने विचारलं, "हे चीनमधलं गवत आहे का गं?" मी म्हटलं, "अगं, गवतही नाही. समुद्रातलं शेवाळ उकळून त्यातून निघतं ते, अगर म्हणतात त्याला." तिने तोंड वाकडं केलं, मग दोन वाट्या खाल्ल्या!

पण तिचा पुढचा प्रश्न डोक्यात राहिला. "मग ते काढतं कोण?"

आपल्याकडे अगरासाठी लागणारं शेवाळ बरंचसं येतं तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावरून. तिथल्या कोळणी गेल्या कित्येक दशकांपासून मन्नारच्या आखातात बुड्या मारून ते खडकांवरून हाताने उपटतात. ऑक्सिजनची नळकांडी वगैरे काही नाही. साडी, वरून शर्ट, डोळ्यांना गॉगल आणि बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या. तरी हात कापतातच.

हल्ली शेवाळाचं फार कौतुक चाललंय. जमीन नको, गोडं पाणी नको, खत नको. भविष्यातलं पीक, शाश्वत पीक! खोटं नाही ते. आईस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत ज्याचा अर्क जातो ते कप्पाफायकस नावाचं शेवाळ बांबूच्या तराफ्यावर दोरीला बांधलं की दीडेक महिन्यात कापणीला येतं. केंद्र सरकारने २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत २०२५ पर्यंत वर्षाला ११.२ लाख टनांचं लक्ष्य ठेवलं होतं. आपण त्याच्या जवळपासही पोचलो नाही, ते सोडा.

मला खटकतो तो 'शाश्वत' हा शब्द. तो आपण वस्तूला चिकटवतो. जणू शेवाळ हे जातिवंत शाश्वत आहे, आपण कसंही वागलो तरी!

याच कप्पाफायकसची गोष्ट बघा. ते मूळचं आपलं नव्हे. भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेने १९८४ मध्ये ते जपानहून आणलं. २००० च्या सुमारास पेप्सिको त्यात उतरली आणि मन्नारच्या परिसरात लागवड सुरू झाली. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं की क्रुसडाई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळावर पसरलंय, खालचं प्रवाळ गुदमरतंय. आणि २०१३ नंतर समुद्र तापला तसं हेच पीक मोठ्या प्रमाणावर मेलं. तुकडे तोडून तोडून वाढवलेलं सगळं एकाच मुळाचं. एकाला झेपलं नाही ते कुणालाच झेपलं नाही. बचतगटातल्या ज्या बायकांनी त्यावर घर चालवायला सुरुवात केली होती, त्यांची कमाईच बुडाली.

आता दुसरी बाजू. १९८६ मध्ये तिथली २१ बेटं सागरी राष्ट्रीय उद्यान झाली. पुढे बंदी कडक झाली, तशा पिढ्यान्‌पिढ्या तिथे बुड्या मारणाऱ्या बायका चोर ठरू लागल्या. आक्षेप असा की त्या समुद्र ओरबाडतात. त्यांनी काय करावं? त्यांनी स्वतःच नियम घालून घेतले. महिन्यातले १२ दिवसच बुडी मारायची. मासेमारीबंदीच्या काळात ४५ दिवस काढणी बंद. खडक खरवडायला लोखंडी पाती वापरायची नाहीत. हातावर पोट असलेल्या माणसांनी महिन्यातले अठरा दिवस स्वतःहून सोडायचे म्हणजे काय, हे आपल्याला पगारी रजेवरून कळणार नाही. त्यांच्यातल्याच एका पुढारी बाईला २०१५ मध्ये सिकॉलॉजी पारितोषिक मिळालं.

म्हणून मला वाटतं, शाश्वत आहेत ते हे बारा दिवस. शेवाळ नुसतंच शेवाळ आहे.

मी लागवडीच्या विरोधात नाही. बुडी मारून हात कापून घेण्यापेक्षा तराफ्यावरची कापणी केव्हाही बरी. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून जिवंत शेवाळ आणण्यासाठी नवे नियम निघाले आहेत. त्यात रोगतपासणी आहे, विलगीकरण आहे, ठीकच आहे. चांगलं बियाणं हवंच. फक्त १९८४ ते २००८ ही चोवीस वर्षं विसरू नका. परकं शेवाळ प्रवाळाशी कसं वागेल हे प्रयोगशाळेच्या हौदात कळत नाही, समुद्रात कळतं, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. आणि लक्ष्य लाख टनांत ठरवताना निदान एक खुर्ची त्या बायकांसाठी ठेवा. किती काढायचं हे सगळेच सांगतात, कधी थांबायचं हे त्यांना माहीत आहे.

उद्या आपल्या कोकणात असे तराफे तरंगायला लागले तर आपणही पहिल्यांदा हेच विचारायला हवं.

असो. भाचीला हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग वाटीत उरवायचं नाही."

एवढं जरी जमलं तरी पुष्कळ.