शुक्राची चांदणी आणि 155 ‘घुसखोऱ्या’

देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकत वाढलेल्या नाशिककराला तोफखान्याचे एक तत्त्व सहज पटते: लक्ष्य दिसले एवढे पुरत नाही, ते कोणत्या दिशेला व किती अंशांवर आहे हे सांगावे लागते. लडाखमधील ‘अज्ञात दिव्यां’ची कथा याच तत्त्वाची आहे. समाजमाध्यमांवर मात्र ती ‘ग्रहांना ड्रोन समजणारे सैन्य’ एवढ्या विनोदापुरती उरली आहे. हा विनोद मला अन्यायकारक वाटतो.

ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरातील जवानांनी आकाशातील तेजस्वी वस्तूंच्या 329 नोंदी केल्या. त्यांपैकी 155 वेळा वस्तू प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून भारतीय बाजूस आल्याचे लिहिले गेले. संशय चिनी टेहळणीचा होता, आणि तो स्वाभाविकही होता. सव्वाचार हजार मीटर उंचीवर हवा विरळ व निर्मळ असते. तेथे ग्रहाचे तेज मैदानातल्या माणसाच्या कल्पनेपलीकडचे भासते. त्यात 1962 ची स्मृती. पहाऱ्यावरील जवानाला डोंगरमाथ्यावर पिवळसर उजेड दिसला, तर त्याने तो कळवू नये काय?

लष्कराने अखेर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारले. वस्तू खगोलीय की पार्थिव, हा पहिला प्रश्न. उत्तर मिळाले ते वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची यांच्या मोजमापातून. वस्तू तारकांबरोबर सरकत होत्या: एक गुरू, दुसरी शुक्र. आपल्या आज्या जिला शुक्राची चांदणी म्हणतात, तीच ही. रेषेपलीकडचा प्रदेश पूर्वेला आणि पृथ्वीही पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरणारी. त्यामुळे तिकडे उगवलेली प्रत्येक चांदणी रात्रभरात ‘घुसखोरी’ करणारच!

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. 2012 च्या अखेरीस छापून आलेल्या बातम्यांत, खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहांची शक्यता नाकारल्याचे लष्करी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने म्हटले होते. जुलै 2013 मधील वृत्त नेमके उलट. मग विश्वास कशावर? मी दुसऱ्यावर ठेवतो; ते नंतरचे आहे म्हणून नव्हे, तर पडताळता येते म्हणून. डिसेंबर 2012 च्या प्रारंभी गुरू सूर्याच्या समोर होता, म्हणजे रात्रभर दिसत होता. शुक्र त्या हिवाळ्यात पहाटेचा होता. हे गणित आजही कोणीही करून पाहू शकतो.

आणि हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हता. एप्रिल 2013 मध्ये चिनी तुकडीने देपसांगमध्ये खरोखरच तंबू ठोकले आणि तो पेच सुमारे तीन आठवडे चालला. अशा वसंतात 155 खोट्या घुसखोऱ्या दप्तरी पडून राहणे किती महागात पडू शकले असते! त्या खोडता आल्या, कारण जवानांनी त्या लिहून ठेवल्या होत्या. ज्यांना आपण हसतो, त्यांच्याच नोंदवहीने कोडे सुटले.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते पट्टे सरकले आणि अनेकांनी त्यांना उल्का ठरवून टाकले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, धातूचे भले मोठे कडे पडलेले सापडले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. लडाखात चिनी समजलेले दिवे ग्रह निघाले आणि विदर्भात उल्का समजलेला उजेड चिनी निघाला.