पर्यावरणाचा अभ्यास आणि भोपाळचा धडा

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार तो आता कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास दुय्यम विषय म्हणून घेता येऊ शकेल. प्रश्न आहे तो शिकवायचा कसा?

भोपाळचे उदाहरण घ्या. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. टाकीत पाणी शिरल्यावर काय घडले, हे रसायनशास्त्र सांगते. परंतु शीतकरण यंत्रणा बंद का ठेवली होती, कामगार का कमी केले होते, हे अर्थशास्त्रावाचून उमगत नाही. कारखान्यालगत गरिबांचीच वस्ती का, हा समाजशास्त्राचा प्रश्न. १९८९ साली अवघ्या ४७ कोटी डॉलरवर तडजोड कशी झाली, हा कायद्याचा. एकाच शास्त्राच्या खिडकीतून पाहणाऱ्यास केवळ अपघात दिसतो. सर्व शास्त्रे एकत्र आली की त्यामागील नफेखोरी उघडी पडते.

म्हणूनच या विषयाचे स्वागत करावयास हवे. मात्र वृक्षारोपण आणि घोषवाक्य-स्पर्धा यांवर त्याची बोळवण होता कामा नये. विद्यार्थ्यांनी कामगारांच्या व पीडितांच्या वस्त्यांत जाऊन शिकावे, आणि तेथील ज्ञानालाही अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळावे, ही मागणी विद्यार्थी चळवळीने लावून धरली पाहिजे.