बॅटरीचे कारखाने आणि शेतकरी

बॅटरीच्या कारखान्यांस सरकारनें पैसा द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न शेतकी मासिकाचा नव्हे असें कित्येक वाचकांस वाटेल. त्यांनीं आपल्या पाठीवरचा फवारणीचा पंप आठवावा. आंतील बॅटरी गेली म्हणजे ऐन हंगामांत फवारणी खोळंबते. सौर पंप बसविलेल्यांसहि आभाळ भरलें कीं हातावर हात ठेवून बसावें लागतें. दिवसाचें ऊन सांठविण्यास बॅटरी हवी, आणि तींतील लिथियमचे घट बहुतांशीं चीनमधून येतात.

हें परावलंबन जावें म्हणून केंद्र सरकारनें 2021 च्या मे महिन्यांत 18,100 कोटि रुपयांची योजना मंजूर केली. ध्येय 50 गिगावॅट-तास. एक गिगावॅट-तास म्हणजे दहा लक्ष युनिट वीज सांठविण्याइतके घट. त्यांवर पांच अश्वशक्तीचे सुमारें अडीच लक्ष पंप तासभर चालतील. साह्याची रीत आम्हांस पसंत आहे. आम्हीं महसूल खात्याचीं दप्तरें हाताळलीं आहेत. 1883 च्या कायद्याखालीं विहिरीस तगाई मिळे ती बहुधा काम होण्यापूर्वीं, आणि विहीर न झाल्यास वसुलीचा लकडा मागाहून लागे. येथें घट तयार होऊन विकला गेला तरच पैसा, तोहि देशांत किती मूल्य निर्माण झालें तें पाहून.

खोट आहे ती दारांत. बोली करणारानें निदान 5 गिगावॅट-तासांचा कारखाना काढावा व दर गिगावॅट-तासामागें निदान 225 कोटि रुपये घालावे, अशी अट होती. म्हणजे 1,125 कोटि रुपये ज्याच्या गांठीस नाहींत, त्यानें दाराशींहि येऊं नये! 2022 च्या जुलैंत तीन कंपन्यांशीं करार झाले: रिलायन्स न्यू एनर्जी, ओला इलेक्ट्रिक व राजेश एक्स्पोर्ट्स. (रिलायन्सची मोठी कचेरी आमच्या घणसोलीस, कारखान्याची जागा मात्र जामनगरास.) दोन वर्षांत कारखाने उभे व्हावयाचे होते. 2025 सरत आलें तरी ठरल्या क्षमतेचा अगदीं लहान अंश चालू झाला होता; आणि 2024 च्या फेरबोलींत आणखी 10 गिगावॅट-तास रिलायन्सलाच मिळाले.

शेतकऱ्यास सरकारी पड जमीन शर्तीवर मिळाली व मुदतींत लागवडीस आली नाहीं, तर ती काढून घेण्याचा हक्क सरकार राखून ठेवतें. कारखानदारास निराळा न्याय कां? नुसता दंड पुरेसा नाहीं. न वापरलेली क्षमता परत घेऊन तिचे लहान तुकडे करावे, आणि मध्यम कारखानदारांस बोली लावूं द्यावी. आमच्या तळोज्यास शिशाच्या बॅटऱ्या कित्येक वर्षें होत आहेत. या कामाचे जाणते हात तेथें आहेत. लहान कारखान्यांत घट महाग पडतो, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु न बांधलेल्या मोठ्या कारखान्याचा घट कोणत्याहि भावानें मिळत नाहीं.

आणि जमीन? 1970 पासून ठाणें, पनवेल व उरण भागांतील 95 गांवांची जमीन नव्या शहरासाठीं घेण्यांत आली. 1984 च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत पांच जण गोळीबारांत मेले, तेव्हां कोठें साडेबारा टक्के विकसित भूखंडाचें तत्त्व पुढें आलें. नव्या कारखान्यानें पूर्वींच घेतलेल्या औद्योगिक जमिनींत जागा शोधावी, पिकतें शेत मागूं नये.

येत्या वार्षिक सभेंत या दोन्ही मागण्यांचा ठराव करून तो अवजड उद्योग मंत्रालयाकडे धाडावा, अशी सभासदांस आमची विनंती आहे. मसुदा आम्हीं लिहून ठेवला आहे.