ध्रुवाकडील खोपट आणि बेळगांवची गाडी

'वेड पांघरून पेडगांवास जाणें' हा वाक्प्रचार आपल्याकडे निंदेचा मानतात. (त्यांतलें पेडगांव भीमेकांठचें, असें सांगतात, आम्ही राहतों तें परभणीजवळचें. पण नांवाचा डाग आम्हांसहि लागतोच.) तथापि असें वेड पांघरण्यांत केवढें शहाणपण असूं शकतें, तें पाहावयास अंटार्क्टिकाकडे वळावें लागतें.

तेथील द्वीपकल्पावर ब्रिटन, अर्जेंटिना व चिली या तिघांचाहि दावा आहे. १९५२ सालीं होप उपसागरांत उतरणाऱ्या ब्रिटिशांच्या डोक्यांवरून अर्जेंटिनाच्या नाविकांनीं मशीनगन झाडली होती. पुढें १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या चौथ्या कलमानें खुबीची तोड काढली. कोणाचा हक्क मान्य नाहीं, अमान्यहि नाहीं. आणि करार चालू असतां तेथें कोणीं कांहींहि केलें, तरी त्यानें हक्क वाढत नाहीं कीं बुडत नाहीं. बारा राष्ट्रांनीं मिळून पेडगांवची वाट धरली!

त्या वाटेवर एक खोपट लागतें. १९७८ सालीं बीगल सामुद्रधुनीजवळच्या बेटांसाठीं चिली व अर्जेंटिना युद्धाच्या उंबरठ्यावर होते. पोपच्या मध्यस्थीनें १९८४ सालीं तह झाला. त्याच दोघांनीं २००३ सालीं आपापल्या तळांच्या दरम्यानची एक आश्रयकुटी सामाईक केली. १८१८ सालीं माइपूच्या रणांगणावर सान मार्तीन व ओ'हिगिन्स यांनीं एकमेकांस मिठी मारली, त्या मिठीचें नांव तिला दिलें. दावा मात्र दोघांपैकीं एकानेंहि सोडलेला नाहीं.

'हें ढोंग आहे. आधीं हद्द ठरवा, मग शेजारधर्म', असें म्हणणारे वीर आपल्याकडे उदंड. बेळगांवावरील हक्क सोडावा असें आम्हीहि म्हणत नाहीं. पण डिसेंबर २०२२ मध्यें तिकडे आमच्या मालमोटारींवर दगड पडले, इकडे पुण्यांत कर्नाटकाच्या गाड्यांस काळें फासलें गेलें, आणि एस. टी. नें तिकडील फेऱ्या थांबविल्या; फेब्रुवारी २०२५ मध्यें पुन्हां तेंच. सर्वोच्च न्यायालयांत २००४ पासून पडून असलेला दावा त्यानें तसूभर तरी सरकला काय? अडकतें तें दवाखान्यास निघालेलें माणूस, माहेरीं निघालेली लेक.

निकाल लागेपर्यंत कोणीं दावा सांगूं नये, असें १४ डिसेंबर २०२२ रोजीं दिल्लींत ठरलें. महिना संपण्यापूर्वीं दोन्ही विधिमंडळांनीं ठराव करून तें मोडलें. मोडणारच! दावा सांगूं नका म्हटलें कीं तो अधिक मोठ्यानें सांगितला जातो. दावा खुशाल सांगा. परंतु सीमेवरून धांवणाऱ्या गाडीनें कोणाचा हक्क सिद्ध होत नाहीं वा बुडत नाहीं, एवढें एक कलम दोन्ही सरकारांनीं लिहून सह्या कराव्या, आणि गाड्या सोडाव्या.